पाठ पोहोचला, उत्तर परतले का?

मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि ‘ऑनलाइन शिक्षण’ हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यामुळे हा प्रकार त्याच वर्षी जन्माला आला, अशी अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात संगणकाला जोडलेल्या पडद्यासमोर बसून धडा शिकण्याची सुरुवात विद्यापीठात १९६० साली झाली. त्यामागची कल्पना तर त्याहूनही शंभर-सव्वाशे वर्षे जुनी आहे.

या इतिहासाकडे पाहताना आपले लक्ष साहजिकच यंत्रांकडे जाते. आधी टपाल, मग आकाशवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह, संगणक आणि आता खिशातला फोन. परंतु शिकवण्याच्या क्रियेत दोन बाजूंनी वाहतूक चालते, हे आपण शिक्षक म्हणून जाणतो. धडा शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जातो, आणि विद्यार्थ्याला काय समजले व काय नाही हे शिक्षकाकडे परत येते. वर्गात ही दुसरी वाहतूक इतकी सहज होते की ती आपल्या लक्षातही येत नाही. कपाळावरची आठी, मागच्या बाकावरची कुजबूज, अर्धवट वर गेलेला हात एवढ्यावरून आपण पुढचे वाक्य बदलतो. अंतरावरून शिकवायचे ठरले की धडा पाठवण्याची सोय आधी होते, उत्तर परत येण्याची सोय मात्र मागे राहते. या लेखात आपण त्या परतीच्या वाटेचा इतिहास पाहणार आहोत.

एका पेनीचे टपाल

१८४० साली ब्रिटनमध्ये पत्र कितीही दूर जावो, एका पेनीत पोहोचवण्याची पद्धत सुरू झाली. बाथ शहरातील आयझॅक पिटमन यांनी त्याचा लगेच उपयोग करून घेतला. आपल्या लघुलिपीचे धडे ते टपालाने पाठवू लागले. विद्यार्थी दिलेला उतारा लघुलिपीत लिहून परत पाठवत आणि पिटमन तो तपासून, चुका दुरुस्त करून पुन्हा धाडत. हे दुसरे पाऊल महत्त्वाचे आहे. नुसते धडे पाठवले असते तर त्याला पुस्तकविक्री म्हटले असते. तपासलेला कागद परत गेला म्हणून ते शिक्षण झाले. दोष एकच होता, चूक केल्यापासून ती कळेपर्यंत कित्येक दिवस जात.

हा विलंब किती घातक असतो, याची जाणीव १९५३ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांना झाली, आणि तीही अगदी साध्या वर्गात. ते आपल्या मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले होते. मुले उदाहरणे सोडवत होती. काहींची केव्हाच संपली होती, काही अडकून बसली होती, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नव्हते. स्किनर यांनी त्यावरून एक शिकवणारे यंत्र बनवले. लहान प्रश्न, लगेच उत्तर, लगेच निकाल असा त्याचा क्रम होता.

अभियांत्रिकीत या गोष्टीला ‘प्रत्याभरण’ म्हणतात. स्वयंचलित इस्त्री तापली की तिच्यातील पट्टी वाकते व वीज बंद होते, निवली की पुन्हा सुरू होते. म्हणजे इस्त्री किती तापली ही माहिती इस्त्रीच्याच नियंत्रणाकडे परत जाते. साध्या इस्त्रीत हा परतीचा मार्ग नसतो, म्हणून कपडा जळतो. ही माहिती उशिरा पोहोचली तरी कपडा जळणारच.

रडारच्या प्रयोगशाळेतील शिक्षक

संगणकाद्वारे शिकवण्याची कल्पना अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात आकाराला आली. तिचा जन्म मात्र शिक्षणशास्त्र विभागात झाला नाही. तो झाला रडारवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत. संगणक शिकवू शकेल का, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेचे संचालक डॅनियल अल्पर्ट यांनी अभियंते, गणिती, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ यांची बैठक भरवली. त्यांच्यात एकमत होईना. तेव्हा अल्पर्ट यांनी हा विषय नुकतीच डॉक्टरेट मिळवलेल्या डोनाल्ड बिट्झर या तरुण विद्युत अभियंत्यापुढे काढला. बिट्झर यांनी चर्चा बाजूला ठेवून यंत्रच उभे केले. १९६० मध्ये ‘प्लेटो’ ही प्रणाली सुरू झाली. विद्यापीठाचा इलियाक हा दोन हजारांहून अधिक निर्वात नलिकांचा संगणक, पडदा म्हणून दूरचित्रवाणी संच आणि उत्तरासाठी सोळा कळांची छोटी पेटी, असा तो सरंजाम होता. त्यावर एका वेळी एकच विद्यार्थी शिकू शके.

पुढच्या बारा वर्षांत प्लेटोने जी प्रगती केली ती सारी एका हट्टातून झाली. विद्यार्थ्याने कळ दाबली की सेकंदाच्या एखाद-दोन दशांशांत पडद्यावर प्रतिसाद दिसला पाहिजे, आणि तोही शेकडो विद्यार्थी एकाच वेळी बसलेले असताना. अडचण पडद्याची होती. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्र क्षणात विझते, म्हणून ते सेकंदाला अनेकदा नव्याने काढावे लागते. त्यासाठी प्रत्येक पडद्याच्या चित्राची नोंद संगणकाच्या स्मृतीत ठेवावी लागते. त्या काळी स्मृती अतिशय महाग होती.

यावर उपाय म्हणून बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये प्लाझ्मा पडदा शोधून काढला. दोन काचांमध्ये निऑनयुक्त वायू भरायचा, एका काचेवर आडव्या आणि दुसऱ्या काचेवर उभ्या बारीक तारा बसवायच्या. दोन तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे पुरेसा विद्युतदाब दिला की वायू चमकतो. गंमत पुढे आहे. साऱ्या पडद्यावर सतत एक मध्यम विद्युतदाब ठेवला जातो. तो विझलेला ठिपका पेटवायला अपुरा असतो, पण पेटलेला ठिपका पेटता ठेवायला पुरेसा असतो. म्हणजे पडदाच चित्र लक्षात ठेवतो. संगणकाने फक्त बदल कळवायचे, आणि त्यासाठी साधी टेलिफोनची तार पुरते. पुढे भिंतीवरच्या सपाट दूरचित्रवाणी संचांमध्ये हेच तंत्र वापरले गेले. मुळात मात्र ते विद्यार्थ्याला उत्तर लवकर मिळावे म्हणून शोधले गेले होते.

१९७२ मध्ये आलेल्या प्लेटो-४ मध्ये ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा नारिंगी पडदा होता. त्याला बोटाचा स्पर्शही कळत असे. काही वर्षांत सुमारे हजार पडदे एका मध्यवर्ती संगणकाला जोडले गेले. धडे लिहिण्यासाठी पॉल टेन्झार यांनी १९६७ मध्येच ‘ट्यूटर’ ही भाषा तयार केली होती. तिचे वैशिष्ट्य असे की, विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले लहान उत्तर ती तपासू शके. शब्दलेखन थोडे चुकले आहे, की शब्दांचा क्रम उलटा झाला आहे, की मुळातच उत्तर वेगळे आहे, हा फरक ती दाखवत असे. शिवाय लेखकाने ज्यांची कल्पनाच केली नव्हती अशी विद्यार्थ्यांची उत्तरे नोंदवून ठेवता येत. रसायनशास्त्राचा प्राध्यापक ती यादी पाहून धडा सुधारत असे. वर्गात प्रश्नोत्तरे करताना आपण जे करतो, तेच इथे कागदावर उतरले होते.

यश मात्र संमिश्र होते. इलिनॉयमधील काही महाविद्यालयांत १९७०च्या दशकात प्लेटोची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी झाली. विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना ते आवडले होते. परीक्षेतील गुणांवर मात्र एकंदरीत ठळक परिणाम आढळला नाही. खर्चही प्रचंड होता. यंत्र जलद उत्तर देत होते, तरी त्या उत्तराचा उपयोग करून धडा घडवणारा चांगला शिक्षक प्रत्येक विषयाला मिळत नव्हता.

लाल शाईचे विद्यापीठ

ब्रिटनने दुसरी वाट धरली. १९६३ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी ‘आकाशवाणीवरील विद्यापीठा’ची कल्पना मांडली. मंत्री जेनी ली यांनी ती नेटाने पुढे नेली. १९६९ मध्ये सनद मिळून १९७१ च्या जानेवारीत मुक्त विद्यापीठाचे सुमारे चोवीस हजार विद्यार्थी शिकू लागले. बीबीसीवर पहाटे व रात्री दिसणारी व्याख्याने लोकांच्या लक्षात राहिली, पण विद्यापीठाचा कणा दुसराच होता. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक नेमून दिलेला असे. विद्यार्थी ठरावीक काळाने स्वाध्याय पाठवी, आणि मार्गदर्शक त्यावर केवळ गुण न देता सविस्तर शेरे लिही. ते शेरे नीट लिहिले जातात की नाही, हे विद्यापीठ नमुने काढून तपासत असे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोगाची पेटी येई. त्यात छोटा सूक्ष्मदर्शकही असे.

बीबीसीवरील अभ्यासक्रमांचे प्रक्षेपण २००६ च्या डिसेंबरमध्ये थांबले, तरी विद्यापीठ चालू राहिले. शेरे लिहिणारा मार्गदर्शक काढून घेतला असता तर ते तसेच चालले असते, असे आम्हाला वाटत नाही. आपल्याकडे १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. तेव्हाही पुस्तकांबरोबर गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे आणि संपर्कसत्रे यांची जोड दिली गेली, ती याच कारणाने.

आकाशातून आलेला वर्ग

भारतात हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्यात आली. हा ‘साइट’ प्रयोग. त्या काळात अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक होते प्रा. यश पाल. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम असत. उपग्रहाकडून चित्र येत होते, पण खेड्यातून काही परत जाण्याची सोय त्यात नव्हती. म्हणून संशोधकच खेड्यांत राहायला गेले आणि लोक काय पाहतात, काय समजतात याच्या नोंदी करू लागले.

शिक्षकांच्या दृष्टीने या प्रयोगाचा एक भाग विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. त्यात प्राथमिक शाळांतील सुमारे पन्नास हजार शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. केवळ पडद्यावर विसंबून ते झाले नाही. दूरचित्रवाणीला आकाशवाणीची, छापील साहित्याची, हाताने करायच्या प्रयोगांची आणि जागेवर हजर असलेल्या मार्गदर्शकाबरोबरच्या चर्चेची जोड होती. पाठ आकाशातून आला आणि शंका जमिनीवर सोडवल्या गेल्या.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘देशव्यापी वर्ग’ दूरदर्शनवर दिसू लागला. पुणे विद्यापीठातील केंद्रातही त्यासाठी कार्यक्रम तयार होत. त्यातील कित्येक उत्तम होते. परंतु प्रश्न विचारायचा तर पत्र लिहावे लागे. १९९०च्या दशकात उपग्रहावरील चित्राला टेलिफोनवरून प्रश्न विचारण्याची जोड मिळाली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला आणि २०१० पर्यंत तो काम करत होता. हजारो वर्गांतून एका वेळी एकालाच प्रश्न विचारता येई, ही मर्यादा मात्र राहिलीच.

लाखाचा वर्ग

२०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला. १,६०,००० हून अधिक लोकांनी नावे नोंदवली. पुढच्या वर्षी एमआयटीच्या विद्युतमंडलांच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,५५,००० नावे आली. प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना, म्हणजे शंभरात पाचांनाही नाही. नाव नोंदवणारे सगळेच शिकायला आले नव्हते, हे खरे. काही जण केवळ डोकावून गेले. तरीही हा आकडा विचार करायला लावतो.

त्या अभ्यासक्रमात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांत मंगोलियातील पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. जगभरच्या वृत्तपत्रांनी ते इंटरनेटचे यश म्हणून छापले. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते. त्यांनी पुढाकार घेऊन आपल्या विद्यार्थ्यांना हा अभ्यासक्रम करायला लावला आणि प्रत्यक्ष प्रयोग शिकवण्यासाठी बाहेरून एका शिक्षकाला बोलावले, हा तपशील त्या कौतुकात मागे पडला. मुलाची बुद्धी असामान्य होती, यात शंका नाही. पण त्याची परतीची वाट त्याच्या शाळेतच होती.

याच्या उलट अनुभव २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठात आला. गणितात कच्च्या असलेल्या विद्यार्थ्यांना असाच ऑनलाइन अभ्यासक्रम दिला गेला. बहुसंख्य नापास झाले आणि प्रयोग थांबवावा लागला. ज्यांना शिक्षकाची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच वाट्याला शिक्षक सर्वांत कमी आला होता.

मोजमापे काय सांगतात?

माध्यम बदलले की शिक्षण सुधारते का, यावर शेकडो अभ्यास झाले आहेत. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी ठामपणे मांडले की, माध्यम हे केवळ वाहन आहे. भाजी कोणत्या गाडीतून आली यावर तिची पोषकता ठरत नाही, तसेच शिक्षणाचे आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात वर्ग आणि ऑनलाइन यांचे मिश्रण थोडे सरस ठरले. पण त्या विद्यार्थ्यांना बऱ्याचदा वेळ आणि साहित्यही जास्त मिळाले होते, असा इशारा त्याच अहवालात आहे.

सरासरीच्या आड काय दडते ते दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले. कोलंबिया विद्यापीठातील डी शू आणि शॅना जॅगर्स यांनी वॉशिंग्टन राज्यातील महाविद्यालयांच्या चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. ऑनलाइन अभ्यासक्रमात सर्वच गटांची कामगिरी थोडी घसरली होती. मात्र आधीच मागे असलेल्या विद्यार्थ्यांची घसरण अधिक होती. म्हणजे दरी रुंदावली.

आणखी दोन निष्कर्ष आपल्या रोजच्या उपयोगाचे आहेत. २०१४ मध्ये चार अभ्यासक्रमांतील ६९ लाख चित्रफीतदर्शनांचा अभ्यास झाला. फीत कितीही लांब असो, मध्यक विद्यार्थी सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही, असे त्यात दिसले. २०१५ मध्ये केनेथ कोडिंजर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या एका अभ्यासक्रमात पाहणे, वाचणे आणि करणे यांची तुलना केली. प्रश्न सोडवत, लगेच प्रतिसाद घेत शिकण्याचा संबंध यशाशी कितीतरी अधिक होता. पाहण्या-वाचण्याच्या सुमारे सहा पट. मुंबईच्या आयआयटीत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत याचे प्रतिबिंब दिसते. त्यांच्या चित्रफितीत शिक्षक मध्येच थांबतो, विद्यार्थ्याला विचार करून उत्तर लिहायला सांगतो, आणि मगच पुढे जातो.

पडद्याअलीकडचे आणि पलीकडचे

आता २०२० कडे परत येऊ. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील सुमारे २४ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरांत सुमारे ४२, ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के. तेव्हा पहिली वाटच अनेकांपर्यंत पोहोचली नव्हती. जिथे पोहोचली तिथे शिक्षकांसमोर बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकटी होत्या. संकटकाळी घाईने केलेल्या या व्यवस्थेला विचारपूर्वक रचलेले ऑनलाइन शिक्षण समजू नये, असे काही अभ्यासकांनी त्याच वर्षी मार्चमध्ये बजावले होते. तरी त्या अनुभवावरून दोन टोकाची मते पक्की झाली. एक म्हणते की पडद्यावर शिकवणे अशक्य आहे, दुसरे म्हणते की आता वर्गाची गरजच नाही. इतिहास दोन्ही मतांना आधार देत नाही.

हा प्रश्न आता टाळता येण्यासारखाही नाही. भारत सरकारचा ‘स्वयम्’ हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला, आणि त्यावरील अभ्यासक्रमांतून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली. आज दहावी-बारावीत असलेले विद्यार्थी पदवीचा काही भाग कदाचित असाच शिकतील. २०२२ च्या अखेरीपासून माणसासारखी उत्तरे देणारे संगणकीय कार्यक्रमही हाताशी आले आहेत. बिट्झर यांचा तत्काळ प्रतिसादाचा हट्ट त्यांनी पुरा केला, असे वाटेल. पण त्यात एक नवी अडचण आहे. विद्यार्थ्याचे उत्तरच यंत्राने लिहिलेले असेल, तर शिक्षकाकडे परत येते ती विद्यार्थ्याच्या समजुतीची खबर नव्हेच. परतीच्या वाटेवरून भलतेच काही येऊ लागते. म्हणून तोंडी दोन प्रश्न विचारणे, उत्तरापर्यंत कसे पोहोचलात ते सांगायला लावणे, या जुन्या सवयी आता अधिक मोलाच्या झाल्या आहेत.

आपल्यापैकी अनेकांना यापुढेही कधी फोनवरून, कधी चित्रफितीतून शिकवावे लागेल. त्यासाठी महाग साधने लागतीलच असे नाही. धडा पाच-सहा मिनिटांच्या तुकड्यांत करावा आणि प्रत्येक तुकड्यानंतर एक असा प्रश्न ठेवावा, ज्याचे चुकीचे उत्तरही आपल्याला काही शिकवील. उत्तर आले की शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत एक ओळ तरी लिहावी. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी कागद, शेजारचा विद्यार्थी किंवा आठवड्यातून एक भेट, यांपैकी काही ठरवून ठेवावे. आणि दर आठवड्याला, ज्यांच्याकडून काहीच उत्तर आले नाही त्यांच्या नावांची यादी करावी. पुढच्या धड्याची तयारी त्या यादीपासून सुरू करावी.